खाडीची भरती आणि आपला डोह

(दर्यापूर तालुक्यातील प्रौढ साक्षरता वर्गांपुढे केलेले भाषण)



आपल्या गावाच्या नावात दर्या आहे. दर्या म्हणजे समुद्र. पण समुद्र इथून फार लांब. आपल्यापैकी कितीतरी जणांनी तो डोळ्यांनी पाहिलेला नाही. पाणी मात्र आपले तिथेच जाते. चंद्रभागा दर्यापुरावरून वाहते आणि पूर्णेला मिळते. ऋणमोचनाला जिच्या काठी गाडगेबाबांनी घाट बांधवला, तीच ही पूर्णा. ती अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पुढे जाते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवाजवळ तापीला मिळते. तापी सुरतेवरून समुद्राला. वाटेत हतनूरचे धरण आहे. पुढे उकाईचे आहे, ते १९७२ साली पुरे झाले. तिथे पाणी अडते. पण पावसाळ्यात जे सुटते ते शेवटी समुद्रातच पडते.

आज आपण बोलणार आहोत ते समुद्राजवळच्या नदीत लोक मासे कसे धरतात याबद्दल. तेही फाल्गुन-चैत्रात, म्हणजे आपल्या नदीत पाणी आटून डोह उरतात त्या दिवसांत. ज्यांनी माळ घातली आहे त्यांनीही बसावे. यात मासे खाण्याची गोष्ट थोडी आणि पाण्याची जास्त आहे.

एका वर्गात आम्ही सांगितले, की समुद्राजवळच्या नदीचे पाणी दिवसातून दोनदा उलटे वाहते. मागे एक भोईकाका बसले होते. ते म्हणाले, “उलटं कसं वाह्यते जी? नदी का बैल हाय, मागं फिराले?” सगळे हसले. पण काकांचा प्रश्न बरोबर होता. ज्याने जन्मभर नदी एकाच बाजूला जाताना पाहिली, त्याला हे खरे कसे वाटावे?

तर ते असे आहे. चंद्राच्या ओढीने समुद्राचे पाणी फुगते आणि उतरते. फुगते तिला भरती म्हणतात, उतरते तिला ओहोटी. साधारण सहा तास पाणी चढते, पुन्हा सहा तास उतरते. नदीचे तोंड समुद्राला लागलेले असते. समुद्र चढला की त्याचे खारे पाणी नदीच्या तोंडातून आत शिरते आणि नदीचे पाणी मागे रेटते. पाण्यावर पडलेले पान तेव्हा डोंगराकडे जाऊ लागते. समुद्र उतरला की सगळे पाणी पुन्हा समुद्राकडे धावते. नदीच्या अशा भागाला खाडी म्हणतात.

कोकणात रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नावाची नदी आहे. दर्यापुराहून ती सडकेने सहाशे किलोमीटरच्या वर लांब. ती सह्याद्रीत उगवते, चिपळूण शहरावरून वाहते आणि दाभोळला समुद्राला मिळते. दाभोळपासून चिपळुणाजवळच्या गोवळकोटापर्यंत, सुमारे चाळीस किलोमीटर, भरतीचे पाणी आत येते. पूर्वी मोटारी नव्हत्या तेव्हा माल भरलेली गलबते भरतीबरोबर दाभोळहून गोवळकोटाला येत आणि ओहोटीबरोबर परत जात. वल्ही मारायचे श्रम पाणीच वाचवी. हीच भरती कधी वैरीही होते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात मोठा पूर आला. वरून पावसाचे पाणी आणि खालून समुद्राची भरती. पाण्याला उतरायला वाट राहिली नाही, शहर बुडाले.

या खाडीच्या काठी गावोगाव भोईवाड्या आहेत. होय, भोईच. आपल्याकडे पूर्णेत जाळे टाकतात आणि उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगरवाडी लावतात तेही भोई, आणि तिकडे खाडीत होडी घालतात तेही भोई. बोली निराळी, पाणी निराळे, धंदा एक. आपण ज्यांना झिंगे म्हणतो, त्यांना ते कोलंबी म्हणतात.

आणखी एक गंमत पाहा. आपण खारपाणपट्ट्यातली माणसे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत विहीर खणली की खारट पाणी लागते. आपली विहीर खारी आणि नदी गोडी. त्यांचे उलट. त्यांची नदी खारी आणि काठापासून थोडे वर गेले की विहीर गोडी. खारट पाण्याचे दुःख काय असते, ते आपल्याला सांगायला नको. त्यांनाही नको. भरतीचे पाणी भातशेतीत शिरले तर जमीन खारी होऊन पीक जाते. म्हणून ते खाडीच्या कडेने मातीचे बांध घालतात आणि दरवर्षी सांभाळतात.

आता मासेमारीकडे येऊ.

खाडीतल्या माणसाचे घड्याळ म्हणजे चंद्र. भरती रोज एकाच वेळी येत नाही. ती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते. मग उद्या भरती किती वाजता, हे कसे कळायचे? कोकणातल्या म्हाताऱ्यांचा एक हिशेब आहे. तो तुम्हांलाही करता येईल, कारण आता तुम्हांला अंक येतात. पंचांगात तिथी पाहायची. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचे आणि चाराने भागायचे. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. समजा पंचमी आहे. पाच त्रिक पंधरा. पंधराला चाराने भागले की पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास खाडी भरणार. तिच्या आधीची भरती पहाटे साडेतीनच्या आत येऊन गेलेली असणार. समजा अष्टमी आहे. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. संध्याकाळी सहाला भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वा अकरा. अर्धा तास इकडे तिकडे होतो, आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोचते. पण होडी कधी सोडायची एवढे ठरवायला हा हिशेब पुरतो. फळ्यावर मांडून पाहा.

भरती सगळ्या दिवशी सारखीही नसते. अमावास्या आणि पौर्णिमा या दिवसांच्या आसपास चंद्र आणि सूर्य दोघांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी फार चढते आणि फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाणी थोडेच हलते. त्याला भांग म्हणतात. दाभोळच्या बाजूला उधाणाचे पाणी साधारण दोन मीटर चढ-उतार करते, म्हणजे उंच माणसाच्या डोक्यावरून जाईल इतके. आपल्या तापीच्या मुखाशी, सुरतेजवळ हजिऱ्याला, तर ते पाच-सहा मीटर होते. तीन माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी करा, तेवढे.

उधाणाला पाण्याला ओढ जोराची असते, म्हणून मासळी जास्त मिळते. भांगाच्या दिवसांत जाळी वाळवायची, फाटलेली शिवायची, होडीची डागडुजी करायची.

जाळ्याचे प्रकार पुष्कळ आहेत. सगळे सांगत बसलो तर रात्र होईल. दोन-तीन सांगतो. एक आहे डोल. हे लांब पिशवीसारखे जाळे असते. तोंड मोठे, शेपूट निमुळते आणि बांधलेले. खाडीच्या तळात दोन खुंट ठोकतात आणि त्यांना डोलाचे तोंड बांधतात. तोंड पाणी ज्या बाजूने येते तिकडे. पाणी वाहत राहते, त्याबरोबर कोलंबी आणि लहान मासळी पिशवीत जाऊन बसते. माणसाला मासळीमागे धावावे लागत नाही. पाणीच आणून देते. पाणी थांबायला आले, की होडी घेऊन जायचे आणि शेपटाची गाठ सोडून मासळी काढून घ्यायची. पाणी उलटे फिरले तर जाळ्याचे तोंडही फिरवायचे. खाडीत लावायच्या लहान डोलाला बोक्शी म्हणतात.

दुसरे म्हणजे फेकायचे जाळे. तिकडे त्याला पाग म्हणतात. खाली कडेने शिसे, हाताला दोरी. फेकले की छत्रीसारखे उघडते. ते आपल्याकडेही आहे, म्हणून जास्त सांगत नाही. तिसरी एक युक्ती आम्हांला फार आवडली. ओहोटीला चिखल उघडा पडतो. तेव्हा चिखलाच्या कडेने खुंट रोवून जाळे तळाशी दाबून ठेवतात. भरती येते. मासळी जाळ्यावरून आत, काठाच्या झाडोऱ्यात चरायला जाते. पाणी पूर्ण भरले की जाळे वर ओढून खुंटांना बांधायचे. झाले कुंपण! पाणी उतरते, जाळ्यातून निघून जाते, मासळी मागे राहते. मग चिखलात उतरून वेचायची. बोय नावाचा मासा मात्र शहाणा. तो उडी मारून कुंपण ओलांडतो.

बायकांचा वाटा यात मोठा आहे, आणि तो हिशेबात धरला जात नाही असे आम्हांला वाटते. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून त्या तिसऱ्या आणि मुळे वेचतात. या शिंपल्यांत राहणाऱ्या मऊ जीवांच्या जाती. खडकाला चिकटलेली कालवे लोखंडी हत्याराने फोडून काढतात. शिंपांनी हातपाय कापतात. भरती परतायच्या आत काठावर यायला हवे, नाहीतर जिवाशी गाठ. मग तीच टोपली डोक्यावर घेऊन बाजार. उन्हात निंदणाला जाणाऱ्या आपल्या बाया आणि त्या, कष्टाला दोघी सारख्या.

फाल्गुन-चैत्रात काय वेगळे असते? पावसाळ्यात डोंगराचे गोडे पाणी जोराने येते आणि खाऱ्या पाण्याला खाली रेटते. पुढे डोंगराचे पाणी कमी होत जाते आणि खारे पाणी दर महिन्याला थोडे थोडे वर सरकते. त्याबरोबर समुद्रातली मासळीही वर येते. शिमग्याला मुंबईची माणसे गावी येतात, तेव्हा गिऱ्हाईकही असते. वाशिष्ठीचे आणखी एक वेगळेपण आहे. कोयना धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवतात, त्यावर वीज करतात आणि ते पाणी वाशिष्ठीत सोडतात. म्हणून भर उन्हाळ्यातही तिच्या वरच्या अंगाला गोडे पाणी असते.

खाडीकाठाला चिखलात तिवराची झाडे असतात. मुळे पाण्याबाहेर निघालेली, पाने जाड. त्यांना कांदळवन असेही म्हणतात. त्या मुळांच्या जाळीत कोलंबीची आणि माशांची पिल्ले लपतात आणि वाढतात. झाड तोडले की पिल्लांचे घर गेले. जाणता मच्छीमार ती तोडू देत नाही.

एवढे ऐकून कोणाला वाटेल, की त्या लोकांचे बरे आहे. दिवसातून दोनदा समुद्र येऊन टोपली भरून जातो. तसे राहिलेले नाही. चिपळुणाजवळ लोटे-परशुराम येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तिथले सांडपाणी खाडीत येते आणि मासळी मरते, अशी खाडीकाठच्या मच्छीमारांची कितीतरी वर्षांची तक्रार आहे. मेलेले मासे काठाला लागलेले लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. धंदा सोडून मुंबईची वाट धरलेली घरे आहेत. तरी समुद्र मोठा आहे. घाण थांबली तर दहा-वीस भरत्यांत नवे पाणी येते, मागाहून नवी मासळी येते.

आता आपल्या नदीवर या.

आपल्याला भरती नाही. आपली भरती वर्षातून एकदा येते. मृग लागला, सातपुड्यात पाऊस झाला, नदीला पूर आला, की ती आपली भरती. मग पुढच्या मृगापर्यंत ओहोटीच ओहोटी. होळीपर्यंत धार तुटते आणि डोह उरतात. नदीत जेवढे जिवंत आहे ते सगळे त्या डोहांत गोळा होते. मरळ, वाम, झिंगे, रोहूची वर्षा-दोन वर्षांची पोरे. मरळ हवेतला श्वास घेते, ती थोड्या पाण्यातही तग धरते. वाम चिखलात दडते. बाकीच्यांना पाणीच हवे.

या डोहांतले मासे म्हणजे आपल्या नदीचे बियाणे. शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. घरात एक पोते सरकी बियाण्याची ठेवली आहे. चैत्रात भूक लागली म्हणून ती कोणी ढोरांना घालील काय? पहिला पूर आला की हेच मासे पाण्याच्या उलट्या अंगाने वर चढतात आणि वाहत्या पाण्यात अंडी घालतात. एका मोठ्या रोहूच्या पोटात लाखांनी अंडी असतात. ती रोहू चैत्रात डोहात मेली, तर लाख पिल्ले जन्मायच्या आधी गेली.

आणि ती मरते कशी? जाळ्याने मारली तर आमचे फारसे म्हणणे नाही. भोयाचे पोट त्यावर आहे. जाळ्याची घरे मोठी असली की लहान मासा निसटतो. पण अलीकडे काहीजण डोहात विष ओततात. पूर्वी हिंगणबेटाची फळे कुटून टाकीत. आता कपाशीवर फवारायचे औषध टाकतात. औषध म्हणायची आपल्याला सवय झाली आहे, पण ते विष आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात हीच फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसे दगावली. अंगावर उडाल्याने, श्वासावाटे गेल्याने माणूस मरतो, ते डोहात ओतून वर आलेला मासा आपण पोरांना खाऊ घालावा काय? त्याच डोहावर संध्याकाळी गावची ढोरे येतात. आपल्या पट्ट्यात विहिरींचे पाणी खारे, म्हणून नदीचे गोडे पाणी ढोरांना हवे. तेच विषारी करून ठेवायचे. डब्बाभर विषाने पाच-दहा किलो मासे हाती येतात आणि बाकी सगळे, अंगठ्याएवढी पिल्ले, बेडूक, शिंपले, किडे, तळाशी मरून सडतात. खाडीत असे झाले तर सहा तासांनी नवे पाणी येते. आपल्या डोहात नवे पाणी मृगाला.

दुसरे काही सुरुंगाची दारू लावतात. विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात सोडणारेही आहेत. त्यात माशाआधी माणूस मरायची भीती. विष घालून किंवा स्फोट करून मासे मारणे हा १८९७ सालच्या कायद्यापासून गुन्हा आहे. कायदा इंग्रजांच्या वेळचा, पण गोष्ट शहाणपणाची होती. अमुक जातीचे लोकच असे करतात, असे बोललेले आम्ही ऐकतो. ते खोटे आहे. ज्याचा पोटाचा धंदा नदीवर आहे तो सहसा करीत नाही. एका रात्रीच्या मेजवानीसाठी मोटारसायकलवर येणारे बहुतेक निराळेच असतात.

मग करायचे काय? कोकणातलीच एक जागा सांगतो. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. काठाला वरदायिनी देवीचे ठाणे आहे. त्या डोहातला मासा कोणी धरीत नाही. देवीचे मासे म्हणून लोक त्यांना खायला घालतात, आणि मासे हाताजवळ येतात. चांगले मोठे मासे. नदी खाली जाऊन सावित्रीला मिळते, सावित्रीलाही पुढे खाडी आहे. वरच्या-खालच्या पाण्यात लोक मासे धरतातच. फक्त तो एक डोह सोडलेला. देवाच्या नावाने सोडला असेल, पण काम बियाण्याच्या कोठीचे होते आहे. आपल्या गावाला देव हवाच असे नाही. ग्रामसभेत पाच माणसांनी उठून म्हटले आणि बाकीच्यांनी हात वर केले, तरी एक डोह सुटू शकतो. भोई मंडळींना आधी विचारले पाहिजे. कोणता डोह सोडला तर त्यांचे पोट मारले जाणार नाही आणि पाणी मृगापर्यंत टिकेल, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नाही. बाकीच्यांनी रात्री लक्ष ठेवायचे.

या वर्गातल्या सर्वांना आम्ही एक काम दिले आहे. आपापल्या गावाच्या शिवारात नदीला चैत्रात पाणी राहणारे डोह किती, ते लिहून आणायचे. डोहाचे नाव, खोली किती पुरुष, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, ढोरे कोणती येतात, मासे कोणते. शुद्धलेखनाची चिंता करू नका. काहींचे कागद आले आहेत. एका बाईने चार डोह लिहिले आणि एकापुढे लिहिले, “याले आता पाणी नाही रायत, रेती नेली.” पुढच्या बैठकीला सगळे कागद एकत्र वाचू. ज्यांचे राहिले आहेत त्यांनी अमावास्येच्या आत आणावेत.